टिकलीचं डुबुक

बसलात? मांडी घातलीत? हाताची बोटं मोकळी ठेवा. पुढे मोजायला लागतील.

शेवंताकाकूच्या परसात एक तळं होतं. लहानसंच. काठावर फणसाचं झाड. फणसाखाली एक काळा दगड. दगडावर एक बेडकी.

बेडकीचं नाव टिकली. तिची शेपटी गळली तेव्हा ती काकूच्या कपाळावरच्या टिकलीएवढी होती. म्हणून टिकली. आता ती वाढून अंगठ्याएवढी झाली होती. पण नाव एकदा पडलं की पडलं.

टिकली रोज सकाळी दगडावर बसायची. पाण्याकडे बघायची. गळा फुगवायची. मग उडी मारायची.

डुबुक!

एवढंच. दुसरं काही काम तिला नव्हतं. पण हे काम ती नेमाने करायची.

शेवंताकाकू मागच्या दारी भांडी घासत असायची. तिला ते डुबुक ऐकू यायचं. "उठली गं बाई टिकली," काकू म्हणायची, आणि चहाचं आधण ठेवायची.

वर्षभर फणसाची पानं पडली. टप. टप. टप. पाण्यात भिजली. कुजली. तळाशी बसली. त्यांचा झाला गाळ. दर वर्षी शिमगा झाला की काकू गाळ काढायची. या वर्षी शिमगा आला. शिमगा गेला. गाळ तिथेच राहिला.

एके सकाळी टिकली दगडावर बसली. पाण्याकडे बघितलं. गळा फुगवला. उडी मारली.

पचाक!

टिकली थांबली. हे काही तिचं डुबुक नव्हतं. ती परत दगडावर चढली. परत उडी मारली.

पचाक!

तळ्यात पाणी होतं बोटभर. गाळ होता हातभर. टिकली नाकापासून नखापर्यंत काळी झाली. अंग धुवायलासुद्धा पाणी नाही.

टिकली रडली का? सांगता येत नाही. बेडकीचे डोळे तसेही ओलेच असतात. पण तिला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. तिच्याकडे एकच गोष्ट होती आणि तीच हरवली होती.

मग टिकली निघाली. टुणुक पच. टुणुक पच. टुणुक पच. टुणुक म्हणजे उडी. पच म्हणजे गाळ.

मागच्या दारी शेवंताकाकू भांडी घासत होती.

"काकू, काकू, गाळ काढशील?"

"का गं टिकले?"

टिकली म्हणाली,

"माझं डुबुक हरवलं,
तळ्यात गाळ साचला."

"अगं अगं अगं!" काकू ओरडली. "लांब हो, लांब हो! अंगावरचा गाळ इथे झटकू नकोस! आत्ताच सारवलंय!"

टिकली लांब झाली.

"काढला असता गं," काकू म्हणाली. "पण गाळ वाहायला घमेलं लागतं. घमेलं जागचं हललं, तर मी गाळ काढीन."

"बरं," म्हणाली टिकली.

टुणुक पच. टुणुक पच. टुणुक पच.

पडवीच्या कोपऱ्यात घमेलं होतं. लोखंडाचं. जुनं. एका बाजूला चेपलेलं.

"घमेल्या, घमेल्या, जागचं हलशील?"

"का गं टिकले?"

टिकली म्हणाली,

"माझं डुबुक हरवलं,
तळ्यात गाळ साचला,
काकू गाळ काढीना."

"लांब हो, लांब हो!" घमेलं म्हणालं. "अंगावरचा गाळ इथे झटकू नकोस!"

आता घमेल्याचा जन्मच गाळ वाहण्यात गेलेला. पण चार दिवस स्वच्छ राहिलं की असं होतं.

टिकली लांब झाली.

"हललो असतो गं," घमेलं म्हणालं. "पण माझ्यात आहे पेंढा. पेंढ्यात आहेत अंडी. अंड्यांवर आहे कोंबडी. काकूनेच बसवलीय. कोंबडीने मला सोडलं, तर मी हलेन."

"बरं," म्हणाली टिकली.

कोंबडीकडे जायला टिकलीला लांब जावं लागलं नाही. तिने मान वर केली. झालं.

घमेल्यात बसली होती तांबडी कोंबडी. पिसं फुगवलेली. डोळे वटारलेले.

"कोंबडीताई, कोंबडीताई, घमेलं सोडशील?"

"कट् कट्! का गं टिकले?"

टिकली म्हणाली,

"माझं डुबुक हरवलं,
तळ्यात गाळ साचला,
काकू गाळ काढीना,
घमेलं जागचं हलेना."

"कट् कट् कटाक! लांब हो, लांब हो! अंगावरचा गाळ इथे झटकू नकोस! माझी अंडी गार पडतील!"

टिकली लांब झाली.

"मी अंडी उबवतेय," कोंबडी म्हणाली. "एकवीस दिवस उबवायची असतात."

"एकवीस म्हणजे किती?"

"पुष्कळ."

टिकलीने विचार केला. एवढे दिवस तळ्यात बोटभर पाणी तरी राहील का? नाही राहणार.

"माझ्या टोपलीचा तळ उंदरांनी कुरतडला," कोंबडी म्हणाली. "म्हणून मी या घमेल्यात. रस्त्याकडेच्या भिवामामाने नवी टोपली विणली, तर मी घमेलं सोडीन."

"बरं," म्हणाली टिकली.

टुणुक पच. टुणुक पच. टुणुक पच. परस मागे पडलं. गडगा ओलांडला. गडगा म्हणजे दगडांची बुटकी भिंत. आपल्याला बुटकी. टिकलीला डोंगर. ती चढली. ती उतरली.

रस्त्याच्या कडेला भिवामामाचं घर. मामा टोपल्या विणायचा, सुपं विणायचा, कोंबड्यांची खुराडीसुद्धा विणायचा. आज मामा नुसता बसला होता. मांडीवर हात ठेवून.

"मामा, मामा, टोपली विणशील?"

"का गं टिकले?"

टिकली म्हणाली,

"माझं डुबुक हरवलं,
तळ्यात गाळ साचला,
काकू गाळ काढीना,
घमेलं जागचं हलेना,
कोंबडी घमेलं सोडीना."

"अरे देवा," मामा म्हणाला. "एवढं सगळं? बरं, पण लांब हो, लांब हो! अंगावरचा गाळ इथे झटकू नकोस! माझ्या धुतलेल्या सुपांवर उडेल!"

टिकली लांब झाली. आता तिला सवय झाली होती.

"विणली असती गं," मामा म्हणाला. "हात नुसते शिवशिवतायत. पण घरात बांबूची एक काडी नाही. बांबूने काठी दिली, तर मी टोपली विणीन."

"बरं," म्हणाली टिकली.

टुणुक पच. टुणुक पच. परत गडगा. चढली. उतरली. टुणुक पच. टुणुक पच.

बांबूचं बेट होतं तळ्याच्या मागच्या उतारावर. म्हणजे टिकलीच्या घराच्या पाठीमागेच. एवढं फिरून टिकली परत घरापाशी आली होती. दमली होती. पण बांबूसमोर उभी राहिली. उंच उंच बांबू. बघता बघता तिची मान मागे गेली आणि ती उताणी पडली.

पच.

उठली.

"बांबूदादा, बांबूदादा, काठी देशील?"

कर्रर्र... बांबू खाली वाकला. "का गं टिकले?"

टिकली म्हणाली,

"माझं डुबुक हरवलं,
तळ्यात गाळ साचला,
काकू गाळ काढीना,
घमेलं जागचं हलेना,
कोंबडी घमेलं सोडीना,
मामा टोपली विणीना."

आणि लगेच म्हणाली, "मी लांब होते, लांब होते. अंगावरचा गाळ इथे झटकत नाही."

बांबूने आपल्या बुंध्याकडे बघितलं. टिकलीनेही बघितलं. उतारावरची माती वाहून गेली होती. मुळं उघडी पडली होती. पांढरी पांढरी. एक, दोन, तीन, चार, पाच.

"दिली असती गं," बांबू म्हणाला. "पण माझ्या मुळांवर भर नाही. काकू दर वर्षी गाळ आणून घालायची. या वर्षी घातला नाही. मुळं उघडी, तर काठी कुठून देऊ? काकूने गाळ घातला, तर मी काठी देईन."

टिकली "बरं" म्हणाली नाही.

ती खाली बसली. आता कुणाकडे जायचं? कुणी उरलंच नव्हतं. ती हळू आवाजात म्हणाली,

"माझं डुबुक हरवलं,
तळ्यात गाळ साचला,
काकू गाळ काढीना,
घमेलं जागचं हलेना,
कोंबडी घमेलं सोडीना,
मामा टोपली विणीना,
बांबू काठी देईना..."

आणि बांबूला काय हवं? गाळ. गाळ कोण काढणार? काकू. काकू गाळ काढीना. गोष्ट फिरून पहिल्या जागी आली. कधी कधी गोष्टी अशा हट्टाला पेटतात.

टिकलीला हुंदका आला. तेवढ्यात तिच्या पाठीला खाज सुटली. सकाळपासून अंगावर गाळ. खाज सुटणारच. तिने खूप आवरलं. खूप खूप आवरलं. शेवटी राहवलं नाही.

झट्!

गाळाचा एक ठिपका उडाला आणि बांबूच्या मुळावर पडला.

"चुकलं, चुकलं!" टिकली घाबरून म्हणाली. "लांब होते, लांब होते!"

"थांब," बांबू म्हणाला. "काय केलंस?"

"झटकलं."

"परत झटक."

टिकलीला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"इथे?"

"इथेच. झटक, झटक! हवा तेवढा झटक!"

सकाळपासून हे कुणीच म्हटलं नव्हतं. टिकलीने पाठ झटकली. झट्! पाय झटकले. झट् झट्! डोकं झटकलं. झट्! मुळावर गाळाचे चार ठिपके पडले. आणि अंगावरचा गाळ संपला.

"संपला," टिकली म्हणाली.

मग तिने तळ्याकडे बघितलं. तळ्यात गाळ होता हातभर. टिकली पळाली. दगडावर चढली. उडी मारली.

पचाक!

पचाक तिला आवडत नव्हतं. पण आता पचाक कामाला आलं होतं. काळी काळी होऊन टिकली निघाली. टुणुक पच. टुणुक पच. बांबूच्या मुळापाशी.

झट्!

ही झाली एक खेप.

काढा आता बोटं. मोजा.

पचाक! टुणुक पच. टुणुक पच. झट्! दोन खेपा.

पचाक! टुणुक पच. टुणुक पच. झट्! तीन खेपा.

तुमच्या एका हाताची बोटं संपली. दुसऱ्या हाताची संपली. आता गोष्ट वाचणाऱ्याच्या हाताची मोजा. तीही संपली. पायांची मोजा. ऊन डोक्यावर आलं. ऊन खाली उतरलं. टिकली थांबली नाही. सगळ्यांची सगळी बोटं संपली, तेव्हा पाचांपैकी एक मूळ झाकलं गेलं.

एकच. पण पूर्ण झाकलं गेलं.

"एक झालं," बांबू म्हणाला. "आणि बाकीची चार?"

टिकली धापा टाकत म्हणाली, "काकूने गाळ काढला की पहिलं घमेलं तुला."

"नक्की?"

"नक्की."

बांबूने थोडा वेळ पानं हलवली. सळसळ, सळसळ. मग म्हणाला, "एका मुळाची एक काठी. जा. मामाला बोलाव."

टुणुक! टुणुक! टुणुक! आता पच नव्हतं. सगळा गाळ बांबूपाशी राहिला होता.

"मामा, मामा, बांबू काठी देतोय!"

"अंगावरचा गाळ..." मामा म्हणाला.

"झटकला!" टिकली म्हणाली.

मामाने कोयता घेतला. बांबू वाकला. कर्रर्र... खट्! बांबूने काठी दिली.

मामाने काठी फोडली. चर्रर्र! लांब लांब पट्ट्या काढल्या. एक वरून, एक खालून. एक वरून, एक खालून. हात भराभर चालले. मामाने टोपली विणली. टोपलीत टिकलीला बसवलं आणि घेऊन आला पडवीत.

कोंबडीने टोपली बघितली. एका डोळ्याने बघितली. मग दुसऱ्या डोळ्याने बघितली. "कड जरा बुटकी आहे," कोंबडी म्हणाली. कोंबडीला काहीतरी म्हणायचं असतंच.

काकूने टोपलीत पेंढा घातला. एकेक अंडं उचललं, गरम गरम, आणि पेंढ्यात ठेवलं. कट् कट् कटाक! कोंबडीने घमेलं सोडलं. टोपलीत बसली. पिसं फुगवली. डोळे वटारले. सगळं पहिल्यासारखं.

घमेलं जागचं हललं. ठण्ण!

शेवंताकाकूने पदर खोचला. डोक्यावर चुंबळ ठेवली. चुंबळ म्हणजे कापडाची गोल गुंडाळी. तिच्यावर घमेलं नीट बसतं. काकूने फावडं घेतलं आणि तळ्यात उतरली.

खस्स! पचाक! थप! घमेलं भरलं.

काकू निघाली फणसाकडे.

"काकू, काकू, पहिलं घमेलं बांबूला," टिकली म्हणाली.

"का गं टिकले?"

"मी सांगून आलेय."

"मग त्यालाच," काकू म्हणाली. सांगून आलं की करायचं, एवढं काकूला कळत होतं.

थप! पहिलं घमेलं बांबूला. थप! दुसरं बांबूला. दुसरं मूळ झाकलं. तिसरं झाकलं. चौथं झाकलं. पाचवं झाकलं. मग फणसाला. मग केळींना. काकूने गाळ काढला. त्या दिवशी काढला. दुसऱ्या दिवशी काढला. तिसऱ्या दिवशी फावडं तळाला लागलं. खण्ण! तळाशी होतं एक लहानसं भोक. गाळाने बुजलेलं. काकूने ते बोटाने मोकळं केलं.

बुळुक.

बुळुक. बुळुक. बुळुक.

झरा होता तो. गाळाखाली दबून गेला होता. आता मोकळा झाला. थंड, स्वच्छ पाणी वर यायला लागलं.

टिकली दगडावर बसली. तिला थांबवत नव्हतं. थोडंसं पाणी आलं की लगेच उडी मारली.

छप!

नाही. हे नव्हे.

दुसऱ्या दिवशी पाणी काकूच्या घोट्याएवढं झालं. टिकलीने उडी मारली.

छपाक!

नाही. हेही नव्हे.

तिसऱ्या दिवशी पाणी काकूच्या गुडघ्याएवढं झालं. टिकलीने उडी मारली.

डबाक!

जवळपास. पण हेही नव्हे. टिकली परत दगडावर जाऊन बसली. तिला भीती वाटली. आपलं डुबुक आलंच नाही तर?

चौथा दिवस उजाडला. तळं काठोकाठ भरलं होतं. पाण्यात फणस दिसत होता. फणसाखाली काळा दगड दिसत होता. दगडावर एक बेडकी दिसत होती.

मागच्या दारी शेवंताकाकू भांडी घासत होती. खसखस. खसखस. मध्येच तिचा हात थांबला. तीसुद्धा कान देऊन बसली होती. कुणाला सांगितलं नव्हतं, इतकंच.

टिकलीने पाण्याकडे बघितलं. गळा फुगवला. डोळे मिटले. उडी मारली.

डुबुक!

"आली गं बाई, आली!" काकू म्हणाली. तिने राखेचे हात पदराला पुसले. पदर राखाडी झाला. काकू हसली आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली.

बांबूला मिळाली भर. मामाला मिळाली काठी. कोंबडीला मिळाली टोपली. काकूला मिळालं घमेलं. टिकलीला मिळालं डुबुक. आणि तुम्हाला मिळाली गोष्ट.

आता उठा. पायाची बोटं मोजताना पाय पसरलेत, ते गोळा करा. आणि चिखलातून आला असाल, तर अंगावरचा गाळ इथे झटकू नका. बांबूपाशी जाऊन झटका.